जांभळ्या हाताचं गाणं

डिसेंबर उतरणीला लागला की बंगळुरात अवरेकाई येते. आपला पावटाच तो. पण इथली माणसं त्याचे जे लाड करतात ते पाहून पावट्यालाही आपण कुणी मोठे आहोत असं वाटत असावं. राजाजीनगरला आमच्या कोपऱ्यावर सकाळीच हातगाडी लागते, शेंगांचा ढीग दवानं ओला असतो आणि गिऱ्हाईक आधी शेंग हुंगून बघतं. वास जितका उग्र तितका माल चांगला. तो वास बोटांना चिकटतो आणि साबणानं जात नाही, आणि तो जावा असं इथं कुणाला वाटतही नाही. मग घरोघरी दाणे भिजत पडतात, आणि संध्याकाळी बायका एकेक दाणा चिमटीत धरून टरफलातून टुपकन बाहेर काढत बसतात.

मीही बसते. माझं माहेर निपाणीचं. तिथं आम्ही पावटा सालीसकट शिजवायचो आणि सालीसकट खायचो, त्यात काही कमी आहे असं कुणाला कधी वाटलं नव्हतं. हे चोचले मला रुक्माक्कानं लावले. म्हणून दाणे सोलायला बसलं की ती आठवते, ती आठवली की ते गाणं आठवतं, आणि मग हात आपोआप थांबतो. स्वयंपाकघरातून नवरा विचारतो, झालं का? मी म्हणते, होतंय. एवढ्याशा पावट्याला दरवर्षी इतका वेळ का लागतो हे त्याला अजून समजलेलं नाही.

ते गाणं मी म्हटलेलं आहे. लग्नाआधीची गोष्ट. मी चामराजपेटेत रुक्माक्काच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची, आठवडाभर एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आकडे जुळवायची आणि शनिवार-रविवार एका बँडमध्ये गायची. बँड म्हणजे आम्ही तिघंच. गिटार वाजवणारा आणि गाणी लिहिणारा नचिकेत पुण्याचा, ड्रम बडवणारा तुषार नागपूरचा, दोघेही आयटीतले. माझा गळा निपाणीच्या भजनात तयार झालेला. तो रॉकला चालेल का, अशी मला शंका होती. नचिकेत म्हणाला, रॉकला मनापासून ओरडता आलं की पुरे. ओरडण्याचा सराव आमच्या भजनी मंडळानं भरपूर करून घेतला होता, तेव्हा जमून गेलं.

रुक्माक्काचं घर रंगाऱ्यांचं. ती माणसं किती पिढ्यांपासून बंगळुरात आहेत हे तिलाही नीट सांगता येत नसे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. नवरा जाऊन बराच काळ झाला होता, मुलगा होसकोट्याला कारखान्यात कामाला आणि तिथंच राहायला. ही एकटी मागच्या अंगणात पातेली चढवायची आणि साडीला जुळणारी अस्तरं, परकर, ब्लाउजपीस रंगवून द्यायची. तिचे हात मनगटाच्या वरपर्यंत कधी स्वच्छ दिसलेच नाहीत. त्या हंगामात ते जांभळे होते, कारण लग्नसराईत त्या वर्षी जो तो जांभळ्याच्या मागं लागला होता.

रंगवलेला माल पोचवायला ती बसनं राजाजीनगरला जायची, हात पदराखाली झाकून. माझी कंपनी त्याच वाटेवर होती, म्हणून पुष्कळदा आम्ही बरोबर असायचो. अवरेकाईच्या दिवसात त्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसे. बाजारातून पोती घेऊन माणसं चढायची, शेंगांचा वास, घामाचा वास, मोगऱ्याचा वास, आणि त्या दाटीचा फायदा घेणारे हात. बाई म्हणून बसनं फिरलेल्या कुणालाही त्या हातांबद्दल अधिक सांगायला नको. आपण अंग चोरतो, पर्स आडवी धरतो, पुढं सरकतो आणि घरी येऊन अंघोळ करतो. मी तेच करत होते.

एक दिवस माझ्यापुढं उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीचं अंग एकदम ताठ झालं. तिच्यामागं पांढऱ्या शर्टातला एक सभ्य दिसणारा माणूस, खिडकीबाहेर बघत असल्यासारखा. रुक्माक्कानं कमरेच्या पिशवीतून साबणाची डबी काढली. डबीत ओल्या स्पंजचा तुकडा होता. तो तिनं त्या माणसाच्या हातावर आणि मग बाहीवर, पोळपाट पुसावा तसा शांतपणे फिरवला, डबी बंद केली आणि ती माझ्याशी आमसुलाच्या भावाबद्दल बोलायला लागली. त्याला आधी नुसतं ओलं लागलं असावं. त्यानं खाली पाहिलं तर हात मनगटापर्यंत जांभळा. तो ओरडला नाही. काय म्हणून ओरडणार? पुढच्या थांब्यावर उतरून गेला.

तो रेशमावर बसणारा रंग कातडीवरून आठवडाभर जात नाही. घरी बायको विचारते, ऑफिसात साहेब विचारतो, आणि त्या भागातल्या बायकांना तर विचारावंही लागत नाही. मला हळूहळू कळलं की हे बरीच वर्षं चाललेलं आहे, आणि हे करणारी कोण ते बसमधल्या कुणा पुरुषाला ठाऊक नाही. त्या बसमधले पुरुष कसे उभे राहायचे ते आठवलं की मला अजून हसू येतं. हात छातीशी घट्ट बांधून, एकजात सगळे, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेतल्या पोरांसारखे.

मी एकदा तिला विचारलं होतं, अक्का, कधी चुकीच्या माणसाला लागला का रंग? ती पातेल्यात काठी फिरवत होती. मग म्हणाली, एकदा. नुकतं लग्न ठरलेला मुलगा होता, हात दुसऱ्याचा होता आणि रंग याला लागला. दुसऱ्या दिवशी ते तिला कळलं. तेव्हा त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईपुढं बसून, लिंबू आणि सोडा लावून तिनं स्वतः त्याचा हात घासला होता. निम्माच रंग गेला. त्या आईनं तिला चहा दिला आणि मायलेकांनी तिचं नाव कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर वर्षभर रुक्माक्कानं डबी बाहेर काढली नव्हती.

हे सगळं आमच्या बँडला कळायला वेळ लागला नाही. सरावाआधी नचिकेत आणि तुषार माझ्या खोलीवर यायचे, आणि रुक्माक्का त्यांना रिकामं बसू द्यायची नाही. पुढ्यात भिजलेल्या दाण्यांचं ताट ठेवायची. गिटारवाला आणि ड्रमवाला दाणे सोलताहेत आणि ती आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतेय, अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. तिला सांगायला आवडायचं. पुण्या-नागपूरची शिकलेली पोरं तोंड उघडं टाकून ऐकताहेत म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही? नचिकेतनं तिथंच, सोललेल्या सालींच्या ढिगाशेजारी, पहिलं कडवं लिहिलं:

चामराजपेटेच्या मागल्या गल्लीत
पातेल्यात उकळतोय जांभळा राग
हात लावशील तर ध्यानात ठेव
धुतल्यानं जाणार नाही हा डाग

गल्ली लिहिली, बसचा नंबर लिहिला, साबणाची डबीसुद्धा लिहिली. मी म्हटलं, अरे, इतकं उघड? तो म्हणाला, मराठीत आहे ना, इथं कुणाला कळतंय? बाहेरून आलेल्या आपल्या लोकांची ही जुनी समजूत. लिफ्टमध्ये, हॉटेलात, रांगेत, कुणाबद्दलही मोठ्यानं बोलायचं, कारण आपली भाषा म्हणजे इथं जणू कुलूपबंद खोली. बाजारात एकदा हाच नचिकेत एका फुलवाल्याकडं बघून म्हणाला होता, म्हातारा लुटतोय. फुलवाला हार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, म्हातारा म्हना की, लुटतोय म्हनू नका. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. हसलो, आणि विसरलो. ज्या शहरात रंगारी, शिंपी, रिक्षावाले, सोनार घरात मराठी बोलतात, त्या शहरात आम्ही मराठीला गुपित समजत होतो. माझ्यासारखी सीमेवरची, दोन्ही भाषांत वाढलेली मुलगीसुद्धा त्यांच्या नादानं तसंच धरून चालली.

त्या चुकलेल्या मुलावरही नचिकेतनं एक कडवं लिहिलं होतं, लिंबू-सोड्यानं हात घासण्याचं. माझ्या मते सगळ्यात चांगलं कडवं ते होतं. तुषार म्हणाला, तिथं ड्रमचा जोर कमी होतो. कडवं गेलं.

आम्ही गाणं आधी रुक्माक्काला ऐकवलं, हे मात्र खरं. तिच्या अंगणात, नुसत्या गिटारवर, मी फक्त कडवी म्हटली. ध्रुवपद त्या वेळी तयार झालं नव्हतं. ऐकता ऐकता तिनं पदर नीट केला. संपल्यावर जरा रागानंच म्हणाली, "समदं घातलंय, नाव का न्हाई घातलं?" नचिकेतनं लगेच रुक्मा हे नाव एका ओळीत बसवलं. ती खूश झाली. आम्हाला त्या रात्री हितकिद अवरेबेळेचं, म्हणजे सोललेल्या दाण्यांचं सारू मिळालं, वर तूप. इतकं चांगलं जेवण मी त्यानंतर जेवलेले नाही.

गाणं पहिल्यांदा झालं ते एका हॉटेलच्या गच्चीवर. दुसऱ्या कडव्याला मागची दोन टेबलं बरोबर म्हणायला लागली. तिसऱ्याला वेटर म्हणत होता. लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, फोन वर धरून. मी इतकी हरखले होते की त्यात काही वावगं आहे हे मनातही आलं नाही. घरी जाताना रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "वरती तुमीच गात हुता काय? त्या रंगाच्या अक्का आमच्या मावशीच्या गल्लीतल्या. आमाला आज कळलं बगा." तो कौतुकानं बोलत होता. नचिकेतनं आणि मी एकमेकांकडं पाहिलं. तुषार झोपला होता.

पुढचं कुणाच्या हातात राहिलं नाही. संक्रांतीपर्यंत गाणं सगळ्यांच्या फोनमध्ये होतं. कॉलेजच्या मुली गल्लीत येऊन तिच्या जांभळ्या हातात हात घालून फोटो काढायच्या. एका मंडळानं हळदीकुंकवाला तिला पाटावर बसवून ओटी भरली. ती खुशीत होती, नवी साडी नेसून बसायची. मग संध्याकाळी समोरच्या पानटपरीशी काही माणसं उभी राहायला लागली. करायची काही नाहीत, नुसती बघायची. एका सकाळी मागचं अंगण उघडलं तर रंगाचं मोठं पातेलं उपडं पडलेलं, आणि गटारातून जांभळं पाणी गल्लीच्या टोकापर्यंत गेलेलं. लोकांनी त्याचेही फोटो काढले. रुक्माक्का म्हणाली, मांजर असंल. तेवढ्या मोठ्या पातेल्याला वाघसुद्धा पुरला नसता.

पण तिला पातेल्यापेक्षा बसचं जास्त लागलं. गाणं गाजल्यावर ती पहिल्यांदा माझ्याबरोबर चढली, तर अर्धी बस उठून उभी राहिली. अक्का बसा, अक्का इकडं बसा. तिला ड्रायव्हरच्या मागची, खिडकीजवळची जागा दिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ती म्हणायची, मला उभं राहू दे, स्वल्प मागं जाऊ दे. कुणी ऐकलं नाही. बसच्या मध्यावर, जिथं बायका संपतात आणि पुरुष सुरू होतात, तिथं तिची जागा होती, आणि तिथं आम्ही मानानं तिला पोचू देत नव्हतो. साबणाची डबी पिशवीत कोरडी पडत गेली.

फेब्रुवारीत, अवरेकाई संपता संपता, मी एकटीच त्या बसमध्ये होते. एक माणूस चढला. त्यानं ड्रायव्हरच्या मागच्या जागेकडं पाहिलं. मग सगळ्या बायकांवरून एकदा नजर फिरवली, निवांत, बाजारात भाजी बघावी तशी. रुक्माक्का नाही अशी खात्री पटल्यावर त्यानं छातीवरचे हात सोडले. तिला कुणी ओळखत नव्हतं तोवर बसमधली प्रत्येक बाई रुक्माक्का असू शकत होती. मी असू शकत होते, ती ताठ झालेली मुलगी असू शकत होती, टोपलीवाली म्हातारी असू शकत होती. पुरुषांना आमची वाटणारी, आम्हा सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी आलेली ती भीती गाण्यानं गोळा करून एकटीच्या नावावर केली, आणि मग ती एकटी कुठं बसली आहे ते पाहिलं की काम संपत होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ते वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

मार्चमध्ये रुक्माक्काचा मुलगा टेम्पो घेऊन आला आणि तिला होसकोट्याला घेऊन गेला. नचिकेत पुढं परदेशात गेला, तुषार नागपूरला. मी लग्न करून राजाजीनगरला आले. गाणं मात्र कुठं गेलं नाही. महिला दिन आला की कुठल्या कुठल्या चित्रफितींना जोडलेलं वाजतं. परवा बसमध्ये शेजारच्या मुलीच्या फोनवर मी माझाच आवाज ऐकला. कोवळा, खात्रीचा, उंच लागलेला. आता बायकांना बसचा प्रवास फुकट आहे, गर्दी दुप्पट आहे, आणि ती मुलगी पर्स आडवी धरून उभी होती.

म्हणून या वर्षी उठून होसकोट्याला गेले. इतकी वर्षं का गेले नाही, हे मी स्वतःलाही पुष्कळदा विचारलं आहे. जायचं ठरलं की वाटायचं, तिच्यापुढं काय तोंड घेऊन बसायचं. रुक्माक्का पलंगावर बसली होती, वाळली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. मला पहिल्याच वाक्याला आवाजावरून ओळखलं. सुनेनं सुपात शेंगा आणून ठेवल्या आणि आम्ही सोलायला बसलो. मी मनातलं बोलून टाकलं, अक्का, त्या गाण्यानं तुमचं नुकसान केलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नाव घाला म्हनून मीच म्हनलं की. मग म्हणाली, पुरं कवा ऐकलंच न्हाई मी. फोनावर नुसतं ढमढम ऐकू येतंय. म्हन बघू.

गिटार नाही, ड्रम नाही. मी हळू आवाजात, दाणे सोलता सोलता म्हटलं. पहिल्या कडव्याला ती मान हलवत होती. मग ध्रुवपद आलं, सगळ्या शहराला पाठ असलेलं: ती एकटी, ती एकटी, साऱ्या बसमध्ये ती एकटी. रुक्माक्कानं हात वर करून मला थांबवलं.

"एकटी कोन?"

मी म्हटलं, तुम्ही.

"मी एकटी कवा हुते गं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरंच न कळल्यासारखं विचारत होती. "डबी काढली की ती कंडक्टरबाई मधीच होल्डान म्हनून बस थांबवायची, त्याला उतराय वाट देयाला. फुलवाली टोपली घेऊन माझ्या आड उभी राहायची. कॉलेजच्या पोरी मोठ्यानं गप्पा मारायच्या. एकटी असते तर पयल्याच दिवशी मार खाऊन घरात बसले असते." तिनं माझा गुडघा चाचपला. "आनि तू बी हुतीस की. त्या पांढऱ्या शर्टवाल्यानं वळून बघितलं तवा तू माझ्या म्होरं येऊन उभी राहिलीस. तुझ्या पाटीमागं मी डबी बंद केली."

मला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. त्याचा चेहरा माझ्या तोंडापाशी आला होता आणि मी हलले नव्हते.

सून आतून म्हणाली, छान चाललं होतं, थांबलात का? रुक्माक्का म्हणाली, सरी, बरं, म्हन पुढं. मी घसा साफ केला, पण मला ती ‘एकटी’ची ओळ काही म्हणता आली नाही.